श्वास ओळखणारी वांगी

काचेच्या उष्णकोष्ठात तापमान सत्तेचाळीस अंशांवर होतं आणि आतलं वांग्याचं रोप टवटवीत उभं होतं. सुनीती बेलसरे काचेपलीकडून त्याच्याकडे रागाने बघत होती.

"इथे मेलं असतं तरी बरं झालं असतं," ती म्हणाली. "निदान चूक कुठे आहे ते तरी कळलं असतं."

इरफान मुजावरने कोष्ठाचा आकडा वहीत टिपला. तापस्मृतीचं बियाणं या दोघांनी मिळून घडवलं होतं. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सोलापुरात बाहेरून भाजी येणं जवळपास बंद झालं, तेव्हा महापालिकेने ते घरोघरी वाटलं. कल्पना साधी होती. मातृरोपांना कोष्ठात ठरावीक ताप द्यायचा. त्या तापाची आठवण बियांत उतरते. मग पोटचं रोप जन्मापासूनच सावध असतं. ताप येणार अशी चाहूल लागली की ते पानांवरची रंध्रं मिटून घेतं आणि ओल धरून ठेवतं. प्रयोगशाळेत सगळं बिनचूक चाललं होतं. गच्च्यांवर मात्र रोपं फुलं गाळत होती, आणि रोज तक्रारींचे फोन येत होते. त्यातही चीड आणणारी गोष्ट अशी, की जी माणसं जास्त काळजी घेत होती त्यांचीच रोपं जास्त खंगत होती.

त्यांतले एक तिच्या घरातच होते.

"तुझ्या बियाण्याला माझं तोंड आवडत नाही," संध्याकाळी ती घरी आल्या आल्या आप्पा म्हणाले. तिच्या वडिलांनी आयुष्यभर गिरणीत जॉबर म्हणून, म्हणजे कामगारांवरचा मुकादम म्हणून काम केलं होतं. आई गेल्यापासून गच्चीवरची वांगी हाच त्यांचा दिवस होता. "शेणखत घातलं, जाळी बांधली, पानांवरची मावा कीड हाताने पुसली. आणि तिकडे बघ."

कठड्यापलीकडे बिराजदारांची गच्ची होती. बिराजदार कधीचे मुलीकडे बंगळुरूला गेलेले, घराला कुलूप. ठिबकची नळी आपोआप सुरू होई, आपोआप बंद होई. कुणी ढुंकून बघत नव्हतं आणि त्याच बियाण्याची झाडं वांग्यांनी वाकली होती.

"पाणी जास्त होत असेल, आप्पा."

"कमी करून पाहिलं. जास्त करून पाहिलं. तूच सांगितलंस तसं केलं. आता मला शिकवू नकोस." ते खाली निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सुनीतीने इरफानला घरीच बोलावलं. त्याने एका पानाला रंध्रमापक चिकटवला. रंध्रं किती उघडी आहेत हे दाखवणारी रेषा पडद्याच्या वरच्या भागात सरळ चालू लागली. पान पोटभर हवा घेत होतं. आप्पा झारी घेऊन आले, सवयीने पानांवर वाकले, आणि रेषा घसरत घसरत तळाला गेली.

"मापक नीट लागला नसेल," सुनीती म्हणाली.

इरफानने आप्पांना मागे जायला सांगितलं. बऱ्याच वेळाने रेषा वर आली. मग तो स्वतः वाकला. रेषा पुन्हा खाली. ती वर येईपर्यंत तो थांबला, मग श्वास रोखून धरला आणि हात लांब करून पान हलवलं. रेषा वरच, ढिम्म.

तो सावकाश उठला. "सुनीती, मातृरोपांना ताप द्यायच्या आधी रोज कोष्ठात कोण जायचं?"

"मी. रोपं बघून यायचे, मग दार लावून ताप सुरू करायचे."

"म्हणजे आधी तुझा श्वास. बंद कोष्ठात कार्बन डायऑक्साइड वाढायचा. आणि पाठोपाठ ताप. आपल्याला वाटलं, आपण त्यांना उन्हाची आठवण दिली. त्यांनी माणसाची घेतली."

सुनीती झाडांकडे बघत राहिली. माणूस जवळ आला की झाड रंध्रं मिटत होतं. रंध्रं मिटली की ओल वाचते, पण हवाही मिळत नाही, आणि हवेवाचून पान अन्न करू शकत नाही. दिवसातून दहादा मायेने वाकणारा माणूस झाडाला दिवसातून दहादा उपाशी ठेवत होता.

"म्हणजे मी वर यायचंच नाही?" आप्पांनी विचारलं. त्यांच्या आवाजातला राग नाहीसा झाला होता, आणि तेच सुनीतीला ऐकवेना.

"थोडे दिवस, आप्पा," इरफान घाईने म्हणाला. "श्वास येतो पण ताप येत नाही, असं दोन पिढ्या घडलं की ही आठवण पुसली जाते."

"ही तिसरी पिढी आहे," सुनीती म्हणाली. "आप्पा दरवर्षी स्वतःचंच बी धरतात."

इरफानने मूळ वाणाची जुनी रेषा काढून शेजारी लावली. आप्पांची रोपं मूळ वाणापेक्षा लवकर मिटत होती. आठवण पुसली गेली नव्हती, पक्की झाली होती.

"आप्पा, तुम्ही वर कधी येता?" सुनीतीने विचारलं.

"कधी म्हणजे? गारव्याला काय करायचंय येऊन? ऊन चढायला लागलं की जीव राहत नाही, तेव्हा येतो."

इरफानने डोक्याला हात लावला. "मग आपण नवं बी करू. कोष्ठात माणूस जाणारच नाही."

"काही उपयोग नाही," सुनीती चिडून म्हणाली. "ज्या घरात जाईल तिथे पुन्हा हेच शिकेल. आपण सगळेच झाडापाशी जातो ते झाड संकटात असतानाच. आपण आलो की मागून ताप येतो. झाडांचं काही चुकत नाहीये, इरफान. ती बरोबरच शिकताहेत."

त्या आठवड्यात महापालिकेने सूचना काढली: झाडांपाशी पहाटे बसा, म्हणजे श्वासामागून ताप येतोच असं नाही हे ती शिकतील; उन्हात जाऊ नका. लोकांनी फोन करून शिव्या दिल्या. एका बाईंनी विचारलं, उन्हात तडफडणाऱ्या झाडाला बघायचंही नाही, असं सांगणारे तुम्ही कसले शास्त्रज्ञ?

आप्पांनी मात्र सूचना पाळली. पहाटे चहा घेऊन रिकाम्या हाताने वर बसायचे. दुपारी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायचे, जिन्यापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. गच्चीवर ठिबक बसवलं होतं आणि मापकाची रेषा खाली ओट्यावरच्या पडद्यावर दिसत होती.

एका रविवारी भर दुपारी पडद्यावर रेषा वर, सरळ होती. सुनीतीने पाहिलं, पुन्हा पाहिलं. बाहेर रस्ता वितळत होता, आणि आप्पांचं रोप हवा घेत होतं. तिने हातातली चाळणी तशीच ठेवली. फळ धरलं असेल का? या उन्हात फूल टिकलं असेल का? ती जिना चढून गेली, दार उघडलं. पानाआड करंगळीएवढं जांभळं वांगं होतं. ते नीट दिसावं म्हणून ती खाली वाकली.

"सुनीती!" खालून आप्पा जिवाच्या आकांताने ओरडले. "रेषा पडली! आधी खाली ये!"