पेवातून आलेली ओळ

ही घटना खरी आहे. पटणार नाही, माहीत आहे. मलाही पटायला वेळ लागला. पण प्रबुद्ध माझा मावसभाऊ. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही.

साल १९९८. सांगलीजवळचं हरिपूर. हळदीचा हंगाम.

आणि रात्र नव्हे... भर दुपार.

हरिपुरात जमिनीखाली हळद साठवायची पेवं असतात. वर माणूस मावेल एवढं तोंड, आत अंधारी खोली. कोंडलेली हवा जीव घेते. म्हणून आधी पेटता कंदील सोडतात. तो विझला नाही, तरच कमरेला दोर बांधून माणूस उतरतो. प्रबुद्धचे वडील यल्लाप्पा, त्याचे अण्णा, हेच काम करायचे.

प्रबुद्ध सांगलीत कॉम्प्युटर शिकत होता. पेवाचे मालक लालासाहेब, त्यांना त्याने दोन प्रोग्राम लिहून दिले. एक पेवाजवळच्या शेडमधल्या मशीनवर, दुसरा ऑफिसातल्या. शेडमध्ये टाइप केलेली ओळ डेटाग्राम सॉकेट नावाच्या जोडणीतून ऑफिसच्या पडद्यावर यायची. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. ऑफिसातून उत्तर दिलं, की ज्याने ओळ पाठवली त्याच्याकडे जायचं. साध्या पोस्टकार्डासारखा प्रकार. कोण पाठवतंय, पोचलं का, कसली चौकशी नाही.

"म्हंजे कुणीबी पाठवलं तर घेनार व्हय ह्यो?" मित्र मोहसीनने विचारलं होतं.

"हितं दोनच मशिनी हायत गड्या. तिसरा कोन येतोय?"

त्या दुपारी मोहसीन शेडमध्ये बसला. प्रबुद्ध ऑफिसात, शेजारी लालासाहेब.

ओळ आली. कंदील पेटता आहे.

दुसरी आली. यल्लाप्पा उतरला.

मग बराच वेळ काहीच नाही...

मग आलं, हवा चांगली आहे.

लालासाहेब खूश झाले. "बघ! ही मानसं उगं घाईनं वर येत्यात. सरक रं." त्यांनी एका बोटाने टाइप केलं. त्याला अजून खाली ठेवा.

उत्तर लगेच आलं...

ठेवतो.

प्रबुद्धला खटकलं. मोहसीन मालकांना 'जी' लावल्याशिवाय बोलत नसे.

तेवढ्यात दारात कुणीतरी आलं.

मोहसीन.

"आरं, शेडातला फ्यूज उडालाय. यल्लाप्पाचाचा उतरल्यापास्नं मशीन बंदच हाय."

प्रबुद्ध गर्रकन वळला. पडद्यावर नवी ओळ उमटत होती.

दोर ओढू नका.

तो धावत सुटला, मागे मोहसीन. पेवाच्या तोंडाशी दोर सांभाळणारा गडी आप्पासो निवांत बसला होता.

"वढा! अण्णांना वर वढा!"

"आरं, बरा हाय की त्यो. हाक मारली की ओ देतोय. यल्लाप्पा!"

"ओ..."

खालून आवाज आला. अण्णांचाच.

प्रबुद्धने तरीही दोर ओढला. दोर हलेना. खालून कुणीतरी उलटा ओढत होतं. तिघांनी मिळून जोर लावला, हात सोलवटले... आणि यल्लाप्पा वर आले. बेशुद्ध. ओठ निळे पडलेले.

आप्पासो घाबरून ओरडला, "यल्लाप्पा!"

"ओ..."

आवाज पेवातून आला.

आप्पासो तिथून जो पळाला, तो पुन्हा त्या कामावर आलाच नाही.

पाणी मारलं, वारा घातला. बऱ्याच वेळाने यल्लाप्पांनी श्वास घेतला. प्रबुद्ध लहान पोरासारखा रडला. अण्णांना मोहसीनच्या हवाली करून तो ऑफिसात गेला, ते मशीन बंद करायला.

लालासाहेब पडद्यासमोर घामाघूम बसले होते. शेवटी आलेली ओळ होती, दिलेला माणूस नेलात. बदली कोण?

खाली लालासाहेबांनी काहीतरी टाइप करून पाठवलं होतं. प्रबुद्ध वाचायला वाकला, तसा त्यांनी झटकन खटका बंद केला. पडदा काळा झाला.

"मालक, काय लिवलंत?"

"काय न्हाई रं."

"कुनाचं नाव दिलंत?"

लालासाहेब उठून बाहेर निघून गेले.

ते पेव मातीने बुजवलं. यल्लाप्पा कडेगावला आहेत, धडधाकट. लालासाहेबांचंही बरं चाललंय. प्रबुद्ध आता साताऱ्यात असतो.

पण दर वर्षी हळदीचा हंगाम सुरू झाला, की लालासाहेबांचा त्याला फोन येतो. इकडचं तिकडचं काही नाही. एकच विचारतात आणि ठेवून देतात.

"प्रबुद्ध... हायस नव्हं अजून?"