अहो

पार्क एक्स्टेन्शनमध्ये कोण कुठला हे दाराबाहेर येणाऱ्या वासावरून कळतं, असं रवींद्ररावांचं संशोधन होतं. शेजारी बांगलादेशी ग्रोसरी, कोपऱ्यावर ग्रीक चर्च, वरच्या मजल्यावर हैतीहून आलेली नादेज भाड्याने राहायची. मॉन्ट्रियलच्या या गल्लीतलं घर त्यांनी एका ग्रीक विधुराकडून घेतलं, त्यालाही आता जमाना लोटला होता. रवींद्रराव विमानांच्या इंजिनांचे इंजिनियर. भुताखेतांना त्यांच्याकडे थारा नव्हता.

सुनंदाला विसर पडू लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, शेवटी शिकलेली भाषा आधी जाते. तसंच झालं. फ्रेंच गेलं, मग इंग्रजी. मराठी टिकेल, या एका आशेवर रवींद्रराव दिवस ढकलत होते. सुनंदाने त्यांना उभ्या आयुष्यात नावाने हाक मारली नव्हती. "अहो" एवढंच, शेवटचा 'हो' जरा लांबवून. तेवढं कानावर पडलं की त्यांना पुरे असायचं.

हिवाळा लागला आणि तेही थांबलं. आता ओट्याशी उभी राहून ती भलतंच काही बोलायची. निव्वळ बडबड म्हणावी, तर मध्येच थांबून ती उत्तराची वाट बघायची.

एका दुपारी समोरच्या ग्रीक एलेनीआजी पालक भरून भाजलेला पाई घेऊन आल्या. स्वयंपाकघरातून सुनंदाचा आवाज आला आणि आजी दारातच थबकल्या.

"ही तर ग्रीक बोलतेय," त्या मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या. "आवाज आमच्या डेस्पिनाचा. तुम्हाला घर विकलं त्याची बायको. इथेच वारली ती, तुम्ही यायच्या आधी."

"काय म्हणतेय?"

आजींनी नजर चुकवली. "विचारतेय, माझ्या घरात हा परका माणूस कोण?"

गल्लीत ग्रीक कानावर पडतच असतं, असं रवींद्ररावांनी स्वतःला समजावलं. आवाजाचं काय, ते मात्र त्यांना समजावता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते दारासमोरचा बर्फ शोव्हल करत होते.

"अहोऽ, चहा निवतोय. वर या ना."

शोव्हल हातातून गळलं. तोच आवाज. तोच लांबलेला 'हो'.

बाहेरच्या लोखंडी जिन्यावर, वरच्या दारात नादेज उभी होती. हातात कप होता. आल्याचा वास खालपर्यंत येत होता.

भीती वाटायला हवी होती. त्यांना रडू फुटलं.

"आलो गं," ते म्हणाले आणि पहिली पायरी चढले.

मागे सुनंदाने दाराला आतून कडी घातली.