डावीकडचं लक्ष

साईराज बसला तो थेट सुरभीच्या पिशवीवर. पिशवीत केळी होती, आणि पिकल्या केळ्यांनी कधी कुणाची भीड ठेवलीय?

"अहो! डोळे हायेत का बटणं?"

तो धडपडत उठला. पँटीला मागं हात लावला... आणि कानापर्यंत लाल झाला. "डोळे आहेत हो. लकव्यानं डाव्या बाजूचं लक्ष तेवढं नेलंय."

सुरभीनं पिशवी ओढून घेतली. कर्जतच्या या उपचार केंद्रात माणसं कशासाठी येतात, ते ती रागाच्या भरात विसरली होती. तिचे वडील भिवाजी यांनाही झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, पण लक्ष एका जागी ठरेना. म्हणून ती त्यांना खालापूरहून एसटीनं इथं आणायची. कॉम्प्युटरवर रंगीत चेंडू उगवायचे, दिसला की बटण दाबायचं. खेळ पोरांचा, घाम मात्र मोठ्यांना फुटायचा.

उजवीकडच्या कॉम्प्युटरवर साईराज, डावीकडच्यावर भिवाजी, मधे स्टुलावर सुरभी. साईराजला उजवीकडचा एकूण एक चेंडू दिसे, डावीकडचा एकही नाही. त्याचा चेहरा पडे. तिला राहवेना. डावीकडं चेंडू आला की ती हळूच बांगड्या वाजवी. तो मान वळवी, बटण दाबी आणि हसे. ते हसू... फार वाईट होतं ते हसू! घरी भाकरी थापतानाही आठवायचं.

"असंच चाललं तर दिवाळीनंतर मी रसायनीला, पॅनलवर," तो एकदा खुशीत म्हणाला.

"पॅनल म्हंजे?"

"कारखान्याची कंट्रोल रूम. भिंतभर दिवे असतात. लाल दिवा लागला आणि मला दिसला नाही, तर खाली काम करणारी माणसं..."

सुरभीचा हात बांगड्यांवर गेला. हौसेनं आपण हे काय करून बसलो! पुढच्या खेपेला तिनं बांगड्यांचं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी बरा होतच नव्हतो?"

"नाय..."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी हसायचा म्हणून."

त्या दिवसापासून ती बांगड्या काढून बसू लागली. भुंड्या हातांनी फिरते म्हणून आईची बोलणी खाल्ली. साईराजचे गुण धपकन खाली आले. केंद्राच्या छाया मॅडमनी त्याला नवी सवय लावली... आधी मान पार डाव्या टोकापर्यंत न्यायची, मग बघत बघत उजवीकडं यायचं. तो चुके, चिडे, पुन्हा मान वळवी. सुरभी ओठ दाबून बसे. मदत न करणं इतकं जड जातं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढं भिवाजी बरे झाले, त्यांचं येणं संपलं. सुरभी मात्र येत राहिली... एकटी, त्याच स्टुलावर. मॅडम नुसत्या हसल्या. भिवाजी येत नाहीत, याचा साईराजला पत्ताच नव्हता. भिवाजींची खुर्ची त्याच्या डावीकडं, सुरभीच्याही पलीकडं. सांगावं का त्याला? नको. त्याचं त्यालाच दिसू दे. आणि कधीच नाही दिसलं तर? या विचारानं तिला घास गोड लागेना.

दिवाळी आली नि गेली. पॅनल लांबलंच. एका दुपारी खेळ संपवून त्यानं मान डावीकडं नेली. ती सुरभीपाशी थांबली नाही, आणखी पलीकडं गेली.

"सुरभी... तुझे बाबा कुठायत?"

तिचे डोळे भरून आले. "घरी. बरे झाले ते."

"कधी?"

"झाला की महिना."

तो रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिला. मग तिच्याकडं. "मग तू अजून एसटीनं येतेस ती कुणासाठी—"

"तेबी मीच सांगू का रं?"

"नको," तो म्हणाला. "रविवारी आईला घेऊन खालापूरला येतो. बाबांना घरी थांबायला सांग."