दोघांत चौदा काठ्या

आयली नीमीने फटका मारला आणि चेंडू असा काही उडाला, की ती काठी खांद्यावर तशीच धरून बघत राहिली. पावसाची भुरभुर चालू होती, सुपिरियर तलावावरून गार वारा येत होता... आणि चेंडू आपला चाललाय, चाललाय. शेवटी तो लांबच्या पिवळ्या झेंड्यापलीकडे जाऊन पडला.

गोल्फच्या मैदानावर त्या दिवशी नव्या काठ्या मारून बघायला मांडल्या होत्या. आयलीला लांब पल्ल्याचं एक फेअरवे वुड, म्हणजे जाड डोक्याची काठी, हवी होती. शेवटच्या, अठराव्या होलपुढच्या तळ्याने आजवर तिचे किती चेंडू गिळले होते, ते तळ्यालाच ठाऊक.

"हेच. हे तीन नंबरचं मी घेतलं," ती विक्रेत्याला म्हणाली.

"घ्या की," मागून कुणीतरी म्हणालं. "फक्त ते माझं आहे, चुकून यांत गेलंय. आणि तीन नाही, सात नंबरचं आहे."

तिने वळून पाहिलं. मैदानाच्या गवताची निगा राखणारा टॉबी लाक्रॉ. ट्रॅक्टरवर त्याला तिने लांबून बऱ्याचदा पाहिलं होतं. त्याचे डोळे इतके हसरे आहेत, हे मात्र आजच कळलं.

आयलीचे कान तापले. तीन नंबर सगळ्यांत लांब जातं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सात नंबर म्हणजे तिच्या आजीच्या मंगळवारच्या मंडळातल्या बायकांचं वुड. तोंड वर केलेलं, चेंडू अलगद उचलून देणारं. "हे तर सोपं आहे," ती म्हणाली.

"सोपं आहे म्हणूनच लांब गेला," टॉबी म्हणाला. "चेंडू वर चढलाच नाही, तर जाणार कुठे?"

"मला सोपं नको," ती म्हणाली, आणि ठसक्यात तीन नंबरचंच विकत घेऊन घरी आली.

सोप्याचं तिला भयच होतं. ग्रँट नावाचा एक अवघड माणूस समजून घेण्यात तिची तीन वर्षं गेली, आणि तो शिकागोला गेला तो साधा निरोपही न घेता. तरी तिचं मन काही शहाणं झालं नव्हतं. झिजल्याशिवाय मिळतं ते खरं नसतं, हेच ते धरून बसलं होतं.

आणि टॉबी तर अगदीच सोपा निघाला. फोन करतो म्हणाला की करायचा. जनावरांच्या दवाखान्यातलं काम उरकून ती दमून बाहेर पडली, की पिकअपमध्ये मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी घेऊन हा हजर.

"केचप की ग्रेव्ही?" पहिल्याच दिवशी त्याने विचारलं. पेस्टीवर काय घ्यायचं, यावरून इथे दोन तट होते.

"हे काय विचारणं झालं? केचप."

"वाचलीस. ग्रेव्ही म्हणाली असतीस तर इथेच उतरवलं असतं."

"आणि चालत जाऊ दिलं असतंस मला?"

"हो... पण मागून गाडी हळूहळू आणली असती."

ती हसायची. हसून झालं की घाबरायची.

उन्हाळा सरता सरता त्याने तिला जोडीच्या स्पर्धेत खेळायला विचारलं. त्याच वेळी दुसरंही सांगितलं. ॲरिझोनातलं एक मैदान त्याला कायमचं बोलावत होतं, आणि रविवारी उत्तर द्यायचं होतं. एवढं सांगून तो तिच्याकडे बघत थांबला.

"चांगली नोकरी आहे," आयली म्हणाली. घरी गेल्यावर तिने उशीत तोंड खुपसून स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

स्पर्धा शनिवारी होती. चेंडू दोघांत एक, आळीपाळीने मारायचा. काठ्याही एकमेकांच्या वापरायच्या असतील, तर दोघांच्या मिळून चौदाच. सकाळी दोघांनी आपापल्या बॅगा पिकअपच्या मागे रिकाम्या केल्या. हे तुझं घेऊ, हे माझं राहू दे, याचे दोन कशाला...

"घर मांडल्यासारखं वाटतंय," आयली बोलून गेली, आणि मग दोघंही उगाच काठ्या पुसत बसले.

शेवटी एकच जागा उरली.

"तुझं तीन नंबर घे," टॉबी म्हणाला. "मी काही म्हणणार नाही."

तिने ते हातात फिरवून पाहिलं. हट्टाने घेतलेलं, आणि अख्ख्या उन्हाळ्यात एकदाही तिच्यावर प्रसन्न न झालेलं. तिने ते गाडीत ठेवलं आणि त्याचं सात नंबर बॅगेत घातलं. टॉबी गालातल्या गालात हसला.

अठराव्या होलपर्यंत गावचे पोस्टमास्तर आणि त्यांची बायको या जोडीशी बरोबरी होती. तळ्यासमोर पाळी आयलीची आली. तिने जोर लावला नाही, नुसतं सात नंबरचं वुड फिरू दिलं. चेंडू वर चढला, पाणी ओलांडून गेला आणि होलपासून हातभर अंतरावर टेकला. कडेला उभ्या माणसांनी शिट्ट्या मारल्या.

पोस्टमास्तरांनी आपला होल आधीच पुरा केला होता. टॉबीचा चेंडू आत गेला तर बरोबरी, नाही तर हार. त्याने हलकेच टोलवला... आणि चेंडू काठाला वळसा घालून बाहेर थांबला.

"हातभर होता," तो जवळ येऊन पुटपुटला. "माझं लक्षच लागत नव्हतं."

"का पण?"

"जिंकल्यावर तुला विचारणार होतो... मी इथेच थांबू का, म्हणून. आता कुठल्या तोंडाने विचारू?"

आयलीने काठी खाली ठेवली. त्याला गमावण्याच्या भीतीपुढे तळं म्हणजे काहीच नव्हतं.

"नको विचारूस," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला, तशी तिने त्याची बाही घट्ट धरली. "मीच सांगते. थांब. मला तू हवा आहेस, टॉबी... तिथे जाऊ नकोस."

त्याचे डोळे पुन्हा हसले. "हिवाळ्यात इथे गवतच नसतं. लोकांच्या दारातला बर्फ ओढत बसावं लागेल."

"माझ्या दारापासून सुरुवात कर," ती म्हणाली. "खूप साठतो."

त्याने बॅग खाली टाकली आणि तिला जवळ ओढलं. करंडकासोबतच्या फोटोसाठी पोस्टमास्तर त्यांना हाका मारत होते. दोघांपैकी कुणीच गेलं नाही.