बियाण्याच्या ढोलीतली पुडी

शामकलाने कुऱ्हाडीचा दांडा उचलला आणि बियाण्याच्या ढोलीचं, धान साठवायच्या त्या बांबूच्या कणगीचं, शेणामातीने लिंपलेलं तोंड फोडलं... सासूच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी!

तिरोड्याजवळच्या त्या घरात पेरणीआधी ढोली उघडायची नाही, आणि विधवा सुनेचा तर तिला हातही लागायचा नाही, असा देवकाबाईंचा दंडक. पण दंडक घेऊन काय चाटायचं होतं? आत प्रेमिला पडली होती, देवकाबाईंची सोळा वर्षांची लेक, मोतीझिऱ्याच्या, म्हणजे टायफॉइडच्या, तापातून आत्ता कुठे डोळे उघडलेली. गोंदियाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा-सहा तासांनी गोळी, पुरे चौदा दिवस. ताप उतरला तरी एकही चुकवायची नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी शिशी रिकामी, आणि ढोलीच्या तोंडावर ताजं, ओलं लिंपण!

"उतरला न ताप?" देवकाबाई कडाडल्या. "मंग कायले चारून राहिली? पुढं कोणाले झाला तं? धानाचं बियाणं ठेवतो, तसंच औषधही राखून ठेवा लागते."

"औषध म्हणजे धान नाही, आत्याबाई. अर्धवट सोडलं तं ताप फिरून येते."

"माह्या लेकाले खाल्लं तूनं. आता पोरीवर उठली काय?"

दोन वर्षं हे बोलणं शामकलाने मुकाट गिळलं होतं. टेकचंदला, तिच्या नवऱ्याला, हाच ताप आला होता, औषधही हेच. गोळ्या तेव्हा सासूच द्यायची. संपल्या म्हणाली, सुनेने मानलं. तो उठून अंगणात फिरू लागला, आणि दहाव्या दिवशी पुन्हा तापला तो गेलाच. आपल्याच सेवेत काही उणं राहिलं, या टोचणीने ती अभागी आतल्या आत जळत राहिली... आज मात्र तिने कोपरापर्यंत हात धानात घातला.

एक पुडी हाताला लागली. तिच्याखाली दुसरी.

पहिली प्रेमिलाची. दुसरी टेकचंदच्या खांद्यावरच्या निळ्या दुपट्ट्याच्या चिंधीत बांधलेली, आत रंग उडालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या गोळ्या.

"ह्या... त्यांच्या?"

देवकाबाई ती चिंधी छातीशी धरून खाली बसल्या. "ताप उतरला होता बाई... मले वाटलं, बरा झाला... दर साली पेरणीले काढून पाहत होती, फेकवत नव्हतं मले."

कोणी खाल्लं तुमच्या लेकाला, हा प्रश्न शामकलाच्या अगदी ओठांवर आला. विचारायचा हक्क तिचाच होता. पण समोर त्याची आई बसली होती, आणि तिने तो प्रश्न कायमचा पोटात घातला. माघार मात्र घेतली नाही.

"मायेनंच ठेवलं तुम्ही. पण ऐका आता. ही जुनी पुडी कोणाच्याच पोटात जाणार नाही. आन नवी, शेवटच्या गोळीपर्यंत प्रेमिलाच घेईल. मले हाकलाचं असंल तं पंधराव्या दिवशी हाकला."

आणि सासूच्या पुढून जाऊन तिने प्रेमिलाला गोळी दिली.

चौदाव्या दिवशी शेवटची गोळी देवकाबाईंनी स्वतःच्या हाताने दिली. मग परसात खड्डा खणून ती निळी चिंधी पुरली, शेणमाती कालवली आणि घमेलं सुनेपुढे ठेवलं.

"तूनं फोडलं, तूच लिंप," त्या म्हणाल्या. "आन यंदा बियाण्याची पहिली मूठ तुह्याच हातानं काढजो... माह्या लेकाची होती ना तू."

शामकलाने दोन्ही हात ओल्या मातीत घातले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सासूसमोर मोकळेपणी रडली.