रंगरावांचा कोंब

दुर्बिणीनं पोट तपासून घेतलेला माणूस आता कोल्हापूर भागात शोधूनही सापडत नव्हता. कपभर गस्तकण प्यायले, की आयुष्यभराचं काम व्हायचं. धुळीहून बारीक असे हे कण अंगभर गस्त घालत आणि पॉलिप हुडकत. पॉलिप म्हणजे शरीराच्या आतल्या अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब. तो आतड्यात येतो, नाकात येतो, स्वरतंतूवरही येतो. बहुतेक कोंब निरुपद्रवी असतात, पण आतड्यातल्या काहींचा वाढत वाढत कर्करोग होतो. पूर्वी डॉक्टर दुर्बिणीतून ते पाहत, तारेच्या फासानं कापत आणि तपासायला पाठवत. गस्तकण सगळं आतल्या आत उरकत. पहिल्या वेळी ते माणसाची परवानगी घेत. पुढं विचारत नसत.

कुस्ती मैदानांचे निवेदक रंगराव चौगुले कण प्यायले आणि पेचात सापडले.

"दोन आहेत," डॉ. नौशाद मुजावर पडद्याकडे बघत म्हणाले. "आतड्यातला वाईट वळणावर आहे. दुसरा स्वरतंतूवरचा. तो साधा, ओरडून ओरडून झालेला."

"मग आतड्यातला काढा. गळ्यातल्याला हात लावायचा न्हाई!"

रंगरावांचा आवाज खडीवरून गाडा ओढल्यासारखा होता. तो भोंग्यातून घुमला, की माणसं भरलं ताट सोडून मैदानाकडं पळत.

"कणांना निवड जमत नाही, रंगराव. कोंब दिसला की खुडणार."

"मग फासानं कापा की!"

"ते कापणं जमणारे माझे एकच गुरुजी उरलेत. नव्वदीचे आहेत. चहा पिताना कप रिकामा होतो आणि बशी भरते त्यांची."

रंगरावांच्या पत्नी मालनबाई शेजारीच बसल्या होत्या. "आवाज गेला तर जाऊ दे. माणूस राहिला म्हंजे झालं. खुडा, डॉक्टर."

कोंब खुडले गेले. जीव वाचला. पुढच्याच मैदानात रंगरावांनी माईक धरला आणि भोंग्यातून कोवळा, मधाळ आवाज आला, "पैलवानानं घिस्सा डाव मारलाय..." सगळं मैदान भोंग्याकडं बघायला लागलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, जरा मोठ्यानं!" दोन्ही पैलवानांना इतकं हसू फुटलं, की कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली.

रंगराव तडक दवाखान्यात गेले. "माझा कोंब परत लावा."

"ओरडलात तर नवा येईलही," डॉक्टर म्हणाले. "पण कण आता तुमच्यात मुरलेत. सकाळी उगवला, तर संध्याकाळपर्यंत गुळगुळीत करतील."

तरी रंगराव रोज माळावर जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडत, आणि तसेच मधाळ होऊन घरी येत.

एका दुपारी ते परतले, तर मालनबाई डोळे मिटून बसल्या होत्या. फोनवर कुठल्यातरी जुन्या जत्रेतलं मैदान गरजत होतं.

"काय ऐकतीस गं?" रंगरावांनी विचारलं.

मालनबाईंनी डोळे उघडले नाहीत. ओठांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "गप बसा हो जरा. आमचे हे बोलतायत."