दोन नंबरच्या टाकीचा श्वास

सोमवारी सकाळी अकरा वाजता काळसुरी जलप्रकल्पातली दोन नंबरची टाकी गेली, आणि तिच्याबरोबर इरफान मुकादम गेले. ते रंगारी होते. टाकीच्या शिडीवर चढत असताना पत्रा आत खेचला गेला आणि शिडी मुळासकट उखडली.

"टाकी फुटली," असं सगळे म्हणत होते. बारा वर्षांच्या स्वरदाला ते पटत नव्हतं. कामगार वसाहतीच्या गच्चीवरून तिला ती टाकी स्पष्ट दिसायची. रिकामा डबा मुठीत दाबावा तशी ती मधोमध चुरगळली होती. एखादी वस्तू फुटली तर तिचे तुकडे बाहेर उडतात. इथे तर सगळं आतच गेलं होतं. एवढी मोठी लोखंडी टाकी कुणी दाबली? आसपास काही आदळलं नव्हतं, आग लागली नव्हती, वारासुद्धा नव्हता.

तिने हे आईला विचारलं नाही. विचारता येण्यासारखं नव्हतं. सन २०५८च्या त्या सोमवारी प्रकल्पाच्या नियंत्रण कक्षात तिची आई, सानिका धामापूरकर, कामावर होती. काळसुरीला समुद्राचं पाणी गोड करतात, ते अतिशुद्ध करतात आणि शेजारच्या कारखान्यात त्यापासून हायड्रोजन (वाहनांचं इंधन म्हणून वापरला जाणारा वायू) काढतात. त्या दिवशी कारखान्यातलं एक यंत्र तापलं आणि थंड करायला पाणी तातडीने हवं होतं. आईने दोन नंबरमधून पाणी उपसणारा मोठा पंप सुरू केला. तीन मिनिटांत टाकी गेली. तेव्हापासून आई जेवायला बसायची, ताट तसंच ठेवून उठायची. लोक जिन्यात हळू बोलायचे, पण ऐकू यायचंच. "पंप हिनेच लावला ना?"

गुरुवारी दारावर टकटक झाली. बाहेर साठी उलटून गेलेल्या एक बाई उभ्या होत्या. पायांत धुळीने माखलेले बूट, आणि पायाशी घोरपडीएवढा एक यंत्रमानव.

"मी पल्लवी नानिवडेकर. अपघाताच्या तपासासाठी आले आहे. आणि हा घोरपड्या. पायांत चुंबक आहेत, उभ्या पत्र्यावर चढतो. आई आहे का घरात?"

"आहे. पण ती कुणाशीच बोलत नाही." मग स्वरदाच्या तोंडून निघूनच गेलं, "आजी, टाकी फुटली नाहीये ना?"

पल्लवीआजी उंबऱ्यातच थांबल्या. "का बरं?"

"फुटली असती तर पत्रा बाहेर आला असता."

"चार दिवसांत हे बोलणारी तू पहिलीच," त्या म्हणाल्या. "चल, कुंपणापर्यंत येऊ शकशील? घोरपड्याला वर पाठवते, तू माझ्याबरोबर पडद्यावर बघ."

कुंपणाबाहेर शहाळेवाला होता. आजींनी एक शहाळं घेतलं आणि त्यात नळी घालून स्वरदाच्या हातात दिलं.

"पी. आणि सांग, पाणी वर का येतं?"

"मी ओढते म्हणून."

"तू फक्त नळीतली हवा काढून घेतेस. पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. आपल्या डोक्यावर हवेचा कित्येक किलोमीटर उंच थर आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा चौकोनावर त्या हवेचा भार असतो दहा टन. यालाच वातावरणाचा दाब म्हणतात."

"मग आपण चिरडून कसे जात नाही?"

"आपल्या आतूनही तेवढाच दाब बाहेर ढकलत असतो. दोन्हीकडून सारखं ढकललं की काहीच जाणवत नाही. टाकीचंही तसंच. आत हवा आहे तोवर पत्र्याला बाहेरच्या हवेचं ओझं कळतच नाही. आता टाकीतून पाणी उपसलं, आणि त्याची जागा घ्यायला नवी हवा आत आलीच नाही, तर?"

स्वरदाने नळी तोंडातून काढली. "आतली हवा विरळ होईल."

"बरोबर. आत अंशतः निर्वात पोकळी (जिथे हवा फारच कमी उरली आहे अशी जागा) तयार होईल. मग बाहेरची हवा दाबणार. आता ऐक. तू शहाळ्याचं पाणी वीस सेंटीमीटर वर ओढलंस. ही टाकी तेवढी ओढसुद्धा सोसत नाही. तिची ताकद जेमतेम पाच सेंटीमीटरची."

"एवढी मोठी टाकी माझ्यापेक्षाही कमी सोसते?"

"मोठी आहे म्हणूनच. छत बारा मीटर रुंद आहे. आतला दाब पाण्याच्या एका सेंटीमीटरएवढा कमी झाला, की छतावर अकराशे किलोचं ओझं पडतं. वीस सेंटीमीटरला बावीस टनांहून जास्त. भिंतींवर पडेल ते वेगळंच. पत्रा तर तुझ्या बोटाहून पातळ आहे."

स्वरदाला शहाळं जड वाटायला लागलं. "पण मग टाकीत हवा जायची सोय नसते का?"

"असते. छतावर ब्रीदर व्हॉल्व्ह (टाकीला श्वास घेऊ देणारी झडप) असतो. पाणी अतिशुद्ध असतं, त्यात धूळ जायला नको, म्हणून टाकी उघडी ठेवत नाहीत. झडपेला दोन झाकणं असतात. पाणी उपसलं की एक झाकण उचललं जातं आणि हवा आत येते. पाणी भरलं की दुसरं उचललं जातं आणि हवा बाहेर जाते. एरवी दोन्ही बंद. दोन नंबरच्या झडपेला काय झालं, तेच मला शोधायचं आहे."

घोरपड्या चुरगळलेल्या पत्र्यावरून सरपटत छतापर्यंत पोचला. पडद्यावर छत्रीसारखी एक वस्तू दिसली. ती पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. वर चिकटपट्टीचे नीटनेटके वेढे होते.

आजींनी चित्र मोठं करून पाहिलं.

"झडपेवर रंग उडू नये म्हणून बांधलंय," त्या म्हणाल्या. "फार काळजीने बांधलंय. रंग वाळल्यावर सोडवायचं असेल. मुकादमांच्या खिशात कटर सापडला होता. कशासाठी, ते कुणालाच कळलं नव्हतं."

स्वरदाला ते लगेच कळलं. इरफानचाचा ते सोडवायलाच चढत होते. झैनब त्यांची मुलगी, स्वरदाच्याच वर्गातली. सोमवारपासून शाळेत आलेली नव्हती.

तेवढ्यात तिला वेगळीच शंका आली. "आजी, चाचांनी तीनही टाक्या रंगवल्या होत्या. एक नंबरवर प्लास्टिक दिसत नाही. तीन नंबरवर?"

आजींनी घोरपड्याचा कॅमेरा वळवला. तीन नंबरच्या छतावरही तेच पांढरं गाठोडं होतं. आणि टाकीच्या पायथ्याशी छोटा पंप घरघरत होता.

"पाणी भरतायत!" आजींनी फोन काढला. नियंत्रण कक्षातला नवा मुलगा म्हणाला, "अर्धा तास झाला मॅडम. सगळं ठीक दिसतंय. दाबमापक? तो दोन महिने बंद आहे."

"पंप थांबव! आत्ताच्या आत्ता!"

पंप थांबला. पण टाकीतून कण्हल्यासारखा आवाज येत राहिला. स्वरदाने बघितलं, टाकीची कड पायापासून बोटभर उचलली गेली होती आणि तिला धरणारे बोल्ट ताणले गेले होते.

"आता उलटा प्रकार झालाय," आजी भराभर म्हणाल्या. "पाणी आत शिरलं, हवेला बाहेर जायला वाट नाही. तिने छत फुगवलंय. तीन नंबरची टाकी खरोखरच फुटेल. कुणीही जवळ जाऊ नका! घोरपड्यालाही आत्ता प्लास्टिक कापू देता येणार नाही, धक्क्याने पत्रा फाटेल. स्वरदा, तळाचा नळ लांबून कुठून उघडता येतो, कुणाला माहीत असेल?"

"आईला," स्वरदा म्हणाली आणि पळाली.

आई खिडकीशी बसली होती. स्वरदा धापा टाकत म्हणाली, "आई, झडप बांधलेली होती. दोन नंबरचीही आणि तीनचीही. तीन नंबर फुगलीये." आईने तिच्याकडे एकदाच पाहिलं. चप्पलसुद्धा न घालता ती जिना उतरली.

भिंतीआड तळाच्या नळाचं चाक होतं. आईने ते अर्धा वेढा फिरवलं. तळाच्या पाइपमधून पाणी नालीत पडू लागलं.

"अजून उघडा ना," नवा मुलगा म्हणाला.

"नाही. पाणी जास्त गेलं तर हीसुद्धा आत चुरगळेल." आईचा आवाज चार दिवसांत घोगरा झाला होता. "मला छताची उंची हवी."

घोरपड्या आता तीन नंबरच्या छतावर होता. "चार सेंटीमीटर वर," तो सपाट आवाजात म्हणाला. दोन मिनिटं गेली. "तीन." पत्रा करकरला. आईने चाकावरची पकड सोडली नाही. "दोन." पुढच्या आकड्याला फार वेळ लागला. "एक." आई चाक उलटं फिरवू लागली. "शून्य."

तिने नळ घट्ट बंद केला. घोरपड्याने पुढच्या पायातल्या पात्याने प्लास्टिक कापलं. झडपेतून बारीक फुसकारा आला आणि टाकीची कड खाली टेकली.

आई तिथेच जमिनीवर बसली. "त्या दिवशी पंप लावण्याआधी मी झडप बघायला वर कुणाला पाठवलं नाही," ती म्हणाली. "दाबमापक बंद आहे असं दोनदा लिहून दिलं होतं. तिसऱ्यांदा भांडायला हवं होतं."

आजी तिच्याशेजारी बसल्या. "हे तुमच्या तोंडूनच अहवालात येऊ दे. सगळ्यांचंच येऊ दे. दाबमापक कुणी दुरुस्त केला नाही, रंगाऱ्यांना कुणी काय सांगितलं नाही, सगळं."

संध्याकाळी आई आणि स्वरदा मुकादमांच्या घरी गेल्या. ओसरीवर झैनब होती. आईने काहीही न लपवता सगळं सांगितलं. प्लास्टिकबद्दलही.

झैनब ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "म्हणजे अब्बांचीच चूक?"

"तुझ्या अब्बांना रंगवायला सांगितलं होतं," आई म्हणाली. "टाकी श्वास घेते, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. ते सांगणं आमचं काम होतं."

झैनब रडली नाही. ती म्हणाली, "मग तिथे लिहून ठेवा. पुढच्याला कळायला हवं."

पावसाळ्यानंतर नवी दोन नंबरची टाकी उभी राहिली. तिला एकाऐवजी दोन झडपा बसवल्या, एकमेकींपासून लांब, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी चालेल. छतावर एक जड झाकणही होतं. दाब फारच वाढला तर ते आपोआप उचललं जाणार होतं. आणि दाबमापक थेट पंपाला जोडला होता. आता दाब बिघडला की पंप कुणाला न विचारता थांबायचा. पल्लवीआजींचा अहवाल किनाऱ्यावरच्या इतर प्रकल्पांकडेही गेला, आणि दोन ठिकाणी अशीच बांधलेली झडप वेळेत सापडली.

दोन्ही झडपांखाली पिवळी पाटी होती. "ही टाकी श्वास घेते. झडप बांधू नका." हा मजकूर स्वरदाने मराठीत आणि झैनबने उर्दूत लिहिला होता. टाकी सुरू झाली त्या दिवशी दोघी कुंपणाशी उभ्या होत्या. पंप लागला. झडपेचं छोटं झाकण उचललं गेलं आणि हवा आत जाताना हलकी शीळ वाजली.

"घेतला," झैनब पुटपुटली. झाकण पुन्हा बसेपर्यंत तिने स्वरदाचा हात सोडला नाही.